दोन रेघांचा साचा

इस्पितळात तिला सगळे टाळूबाई म्हणत. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे. आडून म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि ती नाक मुरडत नसे, कारण नाव खोटं नव्हतं. तोंडातल्या गाठीमुळे ज्यांची टाळू कापून काढावी लागते त्यांना नवी टाळू करून द्यायची, हे तिचं तीस वर्षांचं काम. अशा बाईचं दुसरं काय नाव पडणार, गुलाबबाई?

तिची खोली धुलाईखान्याच्या मागे होती. एक खिडकी, एक लांब ओटा, ओट्यावर रबरी वाडगे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, पॉलिशचं चाक, आणि तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे साचे. प्रत्येक साचा म्हणजे एकेका माणसाचा वरचा जबडा, उलटा ठेवलेला, दात छताकडे. अडीचशेच्या आसपास तोंडं तिथे आ वासून पडलेली असत. पहिल्यांदा आत येणारा माणूस उंबऱ्यातच आपला आवाज खाली आणी. त्याला कुणी गप्प बसा म्हटलेलं नसे. इतकी तोंडं आणि चकार शब्द नाही, हे नवख्याला सोसत नसे. तिला मात्र ते आवडायचं. घरी तेवढी शांतता तिच्या वाट्याला फार वर्षं आली नव्हती.

नव्या पेशंटला ती आधी ओट्यावरचं अर्धं डोकं दाखवी. प्लास्टरचंच, नाकाच्या शेंड्यापासून मानेपर्यंत उभं चिरलेलं. बोट फिरवत ती सांगे, "हे दिसतं ते नाक म्हणजे नुसता दरवाजा. खरं नाक आत आहे. दोन खोल्या, मधे भिंत. दोन्ही खोल्यांत शिंपल्यासारख्या वळलेल्या तीन-तीन फळ्या. हवा त्यांच्यावरून घासत जाते तशी गरम होते, ओली होते. धूळ केसांत आणि शेंबडात अडकते. शेंबडाला नावं ठेवू नका, तो आहे म्हणून तुमची छाती शाबूत आहे. वर छताशी ही नखाएवढी जागा, इथे वास कळतो. जेवणाची निम्मी चव इथलीच, उगाच जिभेला मान मिळतो. आणि ही नाकाची जमीन आहे ना, तेच तोंडाचं छत. वरच्या घराची फरशी आणि खालच्या घराचं छत एकच. तुमची ती फरशी फुटली आहे. म्हणून खालचं पाणी वर जातं आणि खालचा शब्द वरून निघून जातो."

मग बोट मागे जाई. "इथून पुढे हाड संपलं. हा मऊ पडदा, टोकाला पडजीभ. घास गिळताना हा पडदा वर जातो आणि नाकाचं दार लावतो. म आणि न म्हणताना दार उघडं. प, त, क, स म्हणताना बंद. तुम्हाला आयुष्यात कधी सांगावं लागलं नाही, पडदा आपला आपण करत होता. आता त्याला मी मदत करणार."

टाळूला भोक पडलेली माणसं बोलतात तेव्हा नुसते सूर ऐकू येतात. ओठ हलतात, जीभ हलते, पण शब्द अडायला जागा नसते, हवा नाकातून सुटते आणि शब्दांचे कोपरे झिजून जातात. घरच्यांना कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही. टाळूबाईला कळे. तीस वर्षांत कानच तसा झाला होता. पेशंटबरोबर आलेली बायको किंवा मुलगा दुभाषा व्हायला पुढे सरसावला की ती म्हणे, "तुम्ही राहू द्या, बोलू द्या त्यांना." वॉर्डात एखादा रुग्ण हातवारे करून रडकुंडीला आला की मोठे डॉक्टर निरोप पाठवत, टाळूबाईंना बोलवा. ती यायची, ऐकायची आणि सांगायची, उशी उंच हवी आहे म्हणतात.

आता तिच्या कामातली एक खोड सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच घडलं. आपल्या टाळूवर, पुढच्या दातांच्या मागे, आडव्या वळ्या असतात. जीभ लावून बघा. प्रत्येकाच्या वळ्या वेगळ्या, बोटांच्या ठशांसारख्या. बोलताना जीभ त्यांचा आधार घेते. नवी टाळू म्हणजे तोंडात बसवायची प्लेट, ती गुळगुळीत ठेवली तर जीभ घसरते आणि बोलणं ओलंगिच्च होतं. म्हणून ती प्लेटवर वळ्या उमटवायची. पद्धत साधी होती. धडधाकट टाळूच्या साच्यावर कथलाचा पातळ पत्रा दाबायचा, वळ्या त्यावर येतात, मग तो पत्रा नव्या प्लेटच्या मेणावर बसवायचा. धडधाकट टाळू कुणाची? तर तिची स्वतःची. घरचा साचा, हाताशी असलेला. अशी साठ-सत्तर माणसं तिच्या टाळूला जीभ लावून बोलत होती, भांडत होती, मुलांना रागावत होती, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

पेशंटच्या साच्यांना खाली पेन्सिलीने नंबर असे. माणूस गेल्याचं कळलं की साचा फोडायचा, असा खोलीचा नियम होता. घरच्या दोन साच्यांना मात्र नंबर नव्हते. तिच्या साच्याच्या तळाला चाकूने ओढलेली एक रेघ. दुसऱ्याला दोन रेघा. तो सासूबाईंचा, त्यांच्या ऑपरेशनच्या आधी घेतलेला, सगळ्या वळ्यांसकट. सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली होती आणि तो साचा तिने फोडला नव्हता.

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. तसं ते कुणाच्याच जिभेला नसतं, पण त्यांच्या बाबतीत ते फार जाणवे. नाकावर माशी बसू देत नसत. प्रत्येक वाक्याआधी नाकातून एक कोरडा 'हं' काढत, आणि तो 'हं' आला की घरातली माणसं आपापल्या चुका आठवू लागत. सुनेच्या कामावर तर विशेष राग. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, टाळू विकून खाणारी आमच्याच घरी आली," असं चारचौघांत म्हणायच्या. पुढे त्यांच्याच टाळूला गाठ झाली. ऑपरेशन झालं, आणि घर एकदम गप्प झालं. शेजारणी म्हणाल्या, देवाने बंद केलेलं तोंड तू कशाला उघडतेस? पण हातचं काम आणि सासू घरची. तिने जीव ओतून प्लेट केली. प्लेट बसल्यावर सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "हं. तार टोचते. इतकी वर्षं काय शिकलीस?"

त्यानंतर दोन वर्षं त्या सुनेने दिलेल्या टाळूनेच सुनेवर तोंडसुख घेत होत्या. मग एक दिवस प्लेट दातांना धरून ठेवणारी तार तुटली. अर्ध्या तासाचं काम होतं. टाळूबाईने ते त्याच दिवशी केलं, प्लेट डबीत घातली, डबी पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन म्हणाली, "साहित्य आलं नाही आई, थोडे दिवस लागतील." का म्हणाली? त्या दिवशी दारातून आत आल्यावर घर शांत होतं, म्हणून. फक्त तेवढ्यासाठी.

ते थोडे दिवस सहा झाले. जेवताना ती सासूबाईंच्या टाळूत गॉजचा बोळा नीट बसवी, मऊ भात भरवी, तोंड पुसे. सेवेत कसूर नव्हती. कुणी बोट ठेवलं नसतं. जेवण झालं की बोळा काढायचा आणि आपल्या कामाला लागायचं. सासूबाई खाटेवरून तिच्याकडे बघत काहीतरी म्हणत. नुसते सूर. ती म्हणे, "कळत नाही आई." नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता, परगावच्या कामावर गेलेला. पाचव्या दिवशी संध्याकाळी परतला. आई त्याचा हात धरून तेच सूर काढत राहिली. त्याने बायकोकडे पाहिलं. "काय म्हणते आई?" ती म्हणाली, "कळत नाही हो." सहाव्या दिवशी दुपारी सासूबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, प्लेटचा काही संबंध नाही, आणि ते खरंच होतं.

पण नवऱ्याच्या मनातून ते सूर गेले नाहीत. वर्षातून तीन-चार वेळा, जेवताना, दाढी करताना, मधेच थांबून तो विचारी, "आई शेवटी काय सांगत असेल गं?" ती मान खाली घालून म्हणे, "मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का?"

हे खोटं होतं. अडीचशे परक्यांचं कळणाऱ्या बाईला सासूचं कळत नव्हतं, यावर त्या भाबड्या माणसाने विश्वास ठेवला. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. सूर तीनच होते. दोन जोडून, एक सुटा. सात वर्षं तिने ते मनातल्या मनातसुद्धा म्हटले नव्हते. दिवस गेला की वाटायचं, आता सांगून तरी काय होणार, आणि दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी एक दिवसाने अवघड झालेलं असायचं.

असं चाललेलं असताना चौकशीवाल्या बाई आल्या. बस स्टँडच्या चौकशी खिडकीवर बसणारी, पस्तिशीची, नाकासमोर चालणारी बाई. टाळूचा डावा भाग गेलेला. बरोबर नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीने अर्ध्या डोक्याच्या नाकात बोट घालून पाहिलं आणि आईकडे बघून हसली. आईसुद्धा हसली, ओठ मिटून. हसताना पाणी नाकातून येईल याची धास्ती होती. टाळूबाईला तिघंही आवडली. तिने साचा घेतला, नंबर घातला आणि दोन आठवड्यांनी बोलावलं.

वळ्या उमटवायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि दिवे सारखे जात-येत होते. तिने वरच्या फळीवरून साचा काढला, सवयीने तळाला अंगठा फिरवला, रेघ लागली, पत्रा दाबला. हात चालत होते आणि मन संध्याकाळच्या भाजीत होतं. काम नेहमीसारखं झालं.

प्लेट बसवायच्या दिवशी तिने नेहमीचा छोटा आरसा घेतला आणि चौकशीवाल्या बाईंच्या नाकपुड्यांखाली धरला. "मामा म्हणा." आरशावर दोन धुकट ठिपके उमटले. बरोबर, म ला नाकाचं दार उघडं हवं. तिने आरसा पुसला. "आता पापा." आरसा स्वच्छ राहिला. हवा अडत होती, छत पक्कं बसलं होतं. तिला बरं वाटलं. "आता हे वाक्य. काकूने कपाटात कात्री ठेवली."

समोरच्या बाईने तोंड उघडलं. मग तिच्या नाकातून एक कोरडा 'हं' आला आणि आरशावर धुकं चढलं.

"हं. काकूने कपाटात कात्री ठेवली."

आवाज सासूबाईंचा होता. नुसता सारखा नव्हे. तेच शब्द चिरून टाकणं, त ला तीच टोकदार धार, वाक्याच्या शेवटी तोच जरब बसवणारा थांबा. टाळूबाईच्या हातातला आरसा ओट्यावर पडला. चौकशीवाल्या बाईंचा नवरा मात्र रडत होता, चार महिन्यांनी बायकोचा स्पष्ट शब्द ऐकला म्हणून. मोठे डॉक्टर आले, त्यांनी तोंडात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "उत्तम. आवाज जरा निराळा वाटेल, होईल सवय." टाळूबाईने दबकत विचारलं, "डॉक्टर, टाळूच्या वळ्यांनी माणसाचा आवाज बदलतो का?" ते हसले. "आवाज गळ्यात होतो बाई. चार वळ्यांनी माणूस बदलत नाही. तुम्हीच तर सगळ्यांना शिकवता." तिने मान हलवली आणि तो विषय मनातून काढून टाकला. म्हणजे काढून टाकायचं ठरवलं.

नवव्या दिवशी चौकशीवाल्या बाई एकट्याच आल्या. वाळल्या होत्या. दुपारची वेळ, बाजूला धुलाईयंत्रं घरघरत होती. बाई स्टुलावर बसल्या आणि त्या आवाजात बोलू लागल्या. टाळूबाईने मुद्दाम पाठ केली, ओट्यावर काहीतरी आवरल्यासारखं केलं. पाठ केल्यावर तर ते जास्तच झालं. मागे सासूबाई बसल्या होत्या.

"हं. प्लेट नीट बसते. कामावर काही अडचण नाही. उलट लोक रांगेत उभे राहायला लागलेत," त्या म्हणाल्या. "पण माझ्या तोंडातून कुणीतरी दुसरंच बोलतंय, बाई. मी हळू बोलायला जाते आणि ते असं निघतं. आणि सारखा निलगिरीच्या तेलाचा वास येतो. घरात कुठेच नाही ते तेल."

सासूबाई गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळत. टाळूबाई म्हणाली, "ऑपरेशननंतर कधी कधी नसलेले वास येतात." हेही खरंच होतं. तिने तसे पेशंट पाहिले होते. एकाला महिनाभर जळक्या रबराचा वास येत होता.

"वासाचं जाऊ दे. मुलगी मला आई म्हणत नाही." बाईंचा आवाज तसाच करडा होता, पण डोळे भरले होते, आणि ते दोन्ही एका चेहऱ्यावर बघवत नव्हतं. "घरी गेल्यावर मी प्लेट काढून ठेवते. मग येते ती. काढली की मला बोलता येत नाही, खाता येत नाही, दूध नाकातून येतं, पण ती येते. म्हणून मी खायचंच कमी केलंय. प्लेट घातली की ती दाराआड जाते. मी बोलावते. कितीदा बोलावते. हं. जवळ बस, म्हणते. जवळ बस."

टाळूबाईने ओट्याची कड धरली.

ते तेच होतं. दोन जोडून, एक सुटा. सात वर्षांपूर्वी खाटेवरून सहा दिवस आलेले ते तीन सूर आता कोपरे घासून पुसून, अक्षरन् अक्षर लावून, त्याच आवाजात तिच्या पाठीमागे म्हटले गेले होते. जवळ बस. एवढंच होतं ते. त्या तोंडाळ म्हातारीला शेवटी कुणाला नावं ठेवायची नव्हती, काही मागायचं नव्हतं. भीती वाटत होती, आणि सुनेने जवळ बसावं असं वाटत होतं. सून ओट्यापाशी भांडी घासत उभी होती आणि म्हणत होती, कळत नाही आई.

बाईंना तिथेच बसू देऊन ती दुसऱ्या स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून घरचे दोन्ही साचे काढले. एक गार होता. दुसरा कोमट लागला. खिडकीतलं ऊन नेमकं त्याच कोपऱ्यावर पडत होतं, म्हणून असेल. तिने तो उजेडात धरला. वळ्यांच्या फटीत कथलाच्या पत्र्याचा चमकणारा कण अडकलेला होता. तळाला एक रेघ. तिने नख फिरवलं तशी रेघेच्या शेजारून मेणाची बारीक कांडी निघाली, आणि खाली दुसरी रेघ दिसली. कधीतरी दिव्यावरचं मेण सांडलं असेल, रेघ बुजली असेल. अंगठ्याला एक लागली, तिने एक धरली.

आता काय करायचं ते तिच्या हातात होतं. होईल सवय, असं म्हणता आलं असतं. मोठ्या डॉक्टरांनी तेच म्हटलं होतं, आणि टाळूबाईचं कुणी खोटं मानलं नसतं. पण सवय बाईंना झाली असती. त्या पोरीला झाली नसती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "वळ्या चुकीच्या साच्यावरून घेतल्या. घासून नव्या बसवते."

"हं. किती दिवस?"

"ठेवून जा. पाच-सहा..." एवढं तोंडातून गेलं आणि ती थांबली. तोंडचं पाणी पळालं तिच्या. मग म्हणाली, "नाही. इथेच बसा. आत्ता करते. तीन-चार तास लागतील, लागू देत."

तिने प्लेट धुतली आणि चाकावर धरली. गुलाबी भुकटी उडाली. वळ्या एकेक करून गेल्या आणि खाली सपाट जागा राहिली. चौकशीवाल्या बाई प्लेट नसल्यामुळे आता सुरांतच बोलत होत्या, पण बोलत होत्या, कदाचित त्या करड्या आवाजातून सुटल्यामुळे असेल. मुलीबद्दल सांगत होत्या. तिचा पुढचा दात हलतो आहे. तिला खिडकीत बसून बसचे नंबर सांगायचे असतात. आई मोठं ऑपरेशन करून आली तेव्हा तिनेच आईच्या नाकाखाली रुमाल धरला होता. टाळूबाई वर न बघता मधेमधे विचारत होती. कुठला दात? मग शाळेला कोण सोडतं? मेण वितळवत होती, आपल्या साच्यावर पत्रा दाबत होती, एक रेघ दोनदा, तीनदा तपासून.

बऱ्याच वेळाने बाई बोलायच्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, आणि त्यात एकही अक्षर धड नव्हतं, "तुम्हाला हे सगळं कळतंय?"

"कळतं."

"पाठ करून? तोंडाकडे न बघता?"

"हो," टाळूबाई म्हणाली. "मला सगळ्यांचं कळतं. आधीपासून कळतं." असं मोठ्याने ती पहिल्यांदाच म्हणाली होती. हातातला पत्रा तिने खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

संध्याकाळी प्लेट बसली तेव्हा बाईंचा नवरा मुलीला घेऊन दारात आला होता. मुलगी आत येईना. आरशाचं सगळं यथासांग झालं. मग चौकशीवाल्या बाई काहीच न ठरवता म्हणाल्या, "ये गं." आवाज मऊ होता, जरा घोगरा, दुसऱ्या कुणाचाही नाही, त्यांचा स्वतःचा. मुलगी आली, आईच्या मांडीला पोट टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड उघड, बघू." आईने उघडलं. तिने बराच वेळ आत पाहिलं, कुणी राहिलं तर नाही ना असं, आणि मग तिचा हात धरून ओढत घरी चल म्हणाली.

टाळूबाईने चाकू घेऊन सासूबाईंच्या साच्याची दुसरी रेघ खोल केली, साचा जागेवर ठेवला आणि खोलीला कुलूप लावलं.

घरी नवरा बाहेरच्या खोलीत पंख्याचा स्विच उघडून बसला होता. खोलीत एका भिंतीशी मोकळी जागा होती, सासूबाईंची खाट तिथे असायची. खाट देऊन टाकली होती, पण त्या जागी दुसरं काही ठेवायचं दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. तिने पर्स ठेवली, चप्पल काढायची राहिली.

"अहो. आई काय म्हणत होत्या ते मला कळलं होतं."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. तार, पर्समधली डबी, सहा दिवस, गॉजचा बोळा. शेवटी ते शब्द. सांगताना तिला वाटत होतं, आता हा उठेल, आईचाच मुलगा आहे, आईसारखाच बोलेल, आणि बोलला तर बरं होईल. तो बोलला नाही. त्याने एकच विचारलं, "पहिल्या दिवसापासून कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

स्विचच्या उघड्या तारा त्याने एकेक करून आत ढकलल्या. मग म्हणाला, "शब्द कळले. पण मी ऐकलं ते तसं नव्हतं. ती माझा हात धरून म्हणाली ते कसं होतं? तू म्हणून दाखव."

"मला नाही जमायचं."

"तुलाच जमेल."

जमणार होतं. तिला ठाऊक होतं काय करायचं ते. मागचा मऊ पडदा सैल सोडायचा, नाकाचं दार उघडं ठेवायचं, जीभ टाळूच्या वळ्यांना कुठेच लागू द्यायची नाही. तिने डोळे मिटले. आधी 'हं' आला. तो तिने काढला नव्हता. मग ते तीन सूर निघाले, दोन जोडून, एक सुटा, आणि तिला स्वतःच्या नाकात निलगिरीच्या तेलाचा वास आला. ती डोळे उघडायला घाबरली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिने पाहिलं तर नवऱ्याने खुर्ची उचलून त्या मोकळ्या भिंतीशी नेली होती, खाटेच्या उशाकडची बाजू असायची तिथे. तो तिच्याकडे पाठ करून, थोडा पुढे वाकून बसला, आणि त्याचा एक हात कुणीतरी धरलेला असावा तसा पुढे होता. तिने चप्पल काढली. मग दुसरी खुर्ची घेतली, त्याच्या शेजारी ठेवली आणि तीही बसली.